रॉजर ट्रेनर: राज्याच्या न्यायालयातून देशभर प्रभाव कसा पडला?

प्रश्न
सदोष वस्तूंबाबत उत्पादकाच्या दायित्वाविषयी वाचताना कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांचे नाव वारंवार येते. १९४० ते १९७० अशी तीस वर्षे ते तिथे होते, १९६४ पासून मुख्य न्यायमूर्ती म्हणून. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात मात्र ते कधीच गेले नाहीत. आपल्याकडे उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध दिल्लीत दाद मागता येते. मग तिथल्या एका राज्याच्या न्यायाधीशाचे म्हणणे इतके दूर कसे पोहोचले? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
अमेरिकेत करार, अपघाताची नुकसानभरपाई, विवाह हे प्रामुख्याने राज्यांचे विषय आहेत आणि राज्याच्या कायद्याचा अर्थ लावताना त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा शब्द अखेरचा असतो. संघराज्याच्या कायद्याचा किंवा घटनेचा प्रश्न असेल तरच प्रकरण वॉशिंग्टनला जाते. इतर राज्यांवर हे निकाल बंधनकारक नसतात, म्हणून तिथे ते केवळ युक्तिवादाच्या बळावर स्वीकारले जातात आणि ट्रेनर यांचे सामर्थ्य नेमके त्यातच होते. १९४४ च्या एस्कोला खटल्यात उपाहारगृहातील एका कर्मचारी स्त्रीच्या हातात कोका-कोलाची बाटली फुटली. बहुमताने निष्काळजीपणाच्या अनुमानावर तिला भरपाई दिली. ट्रेनर निकालाशी सहमत होते, पण कारण त्यांनी वेगळे लिहिले: ग्राहकाला कारखान्यातली चूक सिद्ध करता येणे अवघड असते, आणि धोका टाळण्याची व नुकसानीचा खर्च सर्वांत वाटून घेण्याची क्षमता उत्पादकाकडेच असते, म्हणून निष्काळजीपणा सिद्ध न होताही त्याने भरपाई द्यावी. तेव्हा ते एकटे होते. १९६३ मध्ये ग्रीनमन खटल्यात, लाकूडकामाच्या यंत्रातून उडालेला तुकडा कपाळावर लागलेल्या माणसाच्या बाजूने, हेच तत्त्व संपूर्ण न्यायालयाने मान्य केले आणि निकालपत्र ट्रेनर यांनीच लिहिले. पुढे इतर राज्यांनीही ते उचलले.

प्रतिसाद २
वरील विवेचनात १९४८ च्या पेरेझ खटल्याची भर घालतो. वंश वेगळा म्हणून लॉस एंजेलिसच्या एका जोडप्याला विवाह परवाना नाकारण्यात आला होता. ती बंदी न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने रद्द केली आणि त्यातले प्रमुख मत ट्रेनर यांचे होते. संपूर्ण देशासाठी असा निकाल वॉशिंग्टनहून येण्यास १९६७ साल उजाडले.
नेमणुकीपूर्वी ते बर्कलेला करविषयक कायद्याचे प्राध्यापक होते, न्यायाधीशपदाचा अनुभव त्यांना मुळीच नव्हता. प्राध्यापकाची शिस्त त्यांच्या प्रत्येक निकालपत्रात जाणवते, असे मला वाटते.

प्रतिसाद ३
मला त्यांच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो कॅहन खटल्यामुळे. पोलिसांनी बेकायदा झडतीत मिळवलेला पुरावा ग्राह्य धरावा, असे १९४२ मध्ये त्यांनी स्वतःच लिहिले होते. १९५५ मध्ये तेच मत बदलून त्यांनी असा पुरावा वगळला, कारण इतर उपायांनी पोलिसांना आळा बसत नाही हे दरम्यानच्या अनुभवाने त्यांना पटले होते. प्रश्नकर्त्यांनी आधी १९४२ चा गोन्झालेस निकाल वाचावा आणि मग कॅहन.