जीर्णोद्धार, पुनरुज्जीवन की नुसती 'जुनी धाटणी'?

पूर्णाकाठचा :
आमच्या गावात (दर्यापूर तालुका) महादेवाच्या देवळाचं काम चालू आहे. वर्गणीच्या पावतीवर 'जीर्णोद्धार' छापलंय. जुनं देऊळ कवेलूचं होतं, ते पायापर्यंत पाडलं. आता कॉलम-बीमचं नवं उभं राहतंय आणि बाहेरून त्याला 'हेमाडपंती' करायचं ठरलंय. मिस्त्री आमच्याच गल्लीतले. परवा पाहिलं तर ओल्या गिलाव्यावर सुतळी ताणून खिळ्यानं चिऱ्यांच्या रेघा पाडत होते. वाळलेल्या भागावर काळा रंग देऊन झाला होता आणि दोन चिऱ्यांमधल्या रेघेत, म्हणजे दरजेत, बोटभर जाड पांढरा पट्टा. म्हटलं, "भाऊ, हे पांढरं काऊन?" तर म्हणे, "दरजा दिसल्या पाह्यजेत ना बाप्पा. नाही तं काया गोट्याचं कसं वाटन?"

आता गंमत अशी की चुना न घालता दगडात दगड अडकवून बसवणं हीच तर हेमाडपंतीची खूण सांगतात! लासूरचं आनंदेश्वराचं जुनं हेमाडपंती देऊळ आमच्याच तालुक्यात आहे, मिस्त्रींनी ते पाहिलेलं आहे. तरी चुन्याच्या रेघा आल्याच.

कोनशिलेचा मजकूर माझ्याकडे दिलाय. 'जीर्णोद्धार' लिहायला मन घेत नाही. 'पुनरुज्जीवन' फार मोठं वाटतं. 'नक्कल' लिहिलं तर मिस्त्री आयुष्यभर बोलणार नाहीत. कोणता शब्द बसेल?

ऱ्हस्वदीर्घ :
आधी लेखन. पुनरुज्जीवन यात 'रु' ऱ्हस्व. पुनर् + उज्जीवन, आणि उज्जीवन म्हणजे उद् + जीवन. दगडात एकदा दीर्घ 'रू' कोरला की शंभर वर्षं तसाच राहतो, म्हणून आधीच सांगतो. तसंच 'उद्धार' मध्ये द ला ध जोडायचा, ध ला द नव्हे. निम्म्या देवळांच्या पाट्यांवर ही चूक आहे.

अर्थाचं म्हणाल तर जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्याचा उद्धार. व्युत्पत्तीप्रमाणे जुनं काहीतरी शिल्लक हवं. पण वापरात तसं राहिलेलं नाही. सोमनाथचंच पाहा. जुने अवशेष काढून त्याच जागी प्रभाशंकर सोमपुरांच्या आराखड्यानं संपूर्ण नवं देऊळ बांधलं, १९५१ मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली, आणि लोक त्याला सर्रास जीर्णोद्धार म्हणतात. म्हणजे या शब्दात 'जीर्ण' कोण? दगड नव्हे, देवाचं ठाणं. पिंड हलवली नसेल तर तुमच्या समितीचा शब्द मला तितकासा चूक वाटत नाही.

पूर्णाकाठचा :
पिंड आणि नंदी जागेवरच आहेत. बांधकाम चालू आहे तोवर वर पत्रे टाकलेत.

दगडवेडा :
मला 'जीर्णोद्धार'पेक्षा 'हेमाडपंती' या शब्दाशी जास्त भांडायचंय.

हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत, ज्याच्यावरून हे नाव पडलं, तो देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादवांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. पण ज्या देवळांना आपण बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो त्यातली कित्येक त्याच्या जन्माआधीची. अंबरनाथच्या शिवमंदिरातला लेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६०. हेमाद्रीला दोनशे वर्षं अवकाश होता! त्या शिखराला, म्हणजे छोट्या शिखरांच्या ओळी एकावर एक चढवलेल्या घाटाला, अभ्यासक 'भूमिज' म्हणतात. विदर्भात काळ्या दगडाचं, कोरीव, बिनचुन्याचं काहीही दिसलं की एकच शिक्का. लोणारचं दैत्यसूदन हेमाडपंती, वैनगंगेकाठचं मार्कंडा हेमाडपंती, गावाबाहेर झाडाखाली पडलेला एकटा खांबसुद्धा हेमाडपंती.

युरोपातही नेमकं हेच झालेलं आहे, म्हणून लांबून फिरून येतो. टोकदार कमानींची, उंच खिडक्यांची चर्चं बाराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाली. त्यांचा आणि गॉथ टोळ्यांचा काडीचा संबंध नव्हता. पुढे इटलीतल्या रोमनवेड्या मंडळींनी ती बांधणी रानटी ठरवून तिला 'गॉथिक' ही शिवी दिली. आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ती शिवीच मिरवायला घेतली. १८३४ मध्ये लंडनचं संसद भवन जळालं तेव्हा नवी इमारत गॉथिक किंवा एलिझाबेथकालीन धर्तीचीच हवी अशी अट घातली होती. आतून एकोणिसाव्या शतकाची कचेरी, अंगावर मध्ययुगाचा अंगरखा. तोच अंगरखा बोटीतून मुंबईला आला. १८७८ मध्ये बांधायला घेतलेलं वास्तुकार स्टीव्हन्सचं व्ही.टी. स्टेशन म्हणजे गॉथिकला भारतीय घुमट आणि दगडात कोरलेली माकडं-मोर. खाली गाड्या, वर कॅथेड्रल.

याला इतिहासाच्या पुस्तकात 'पुनरुज्जीवन' म्हणतात. कारण मधे खंड पडला होता, आणि बांधणाऱ्यांना तो माहीत होता. जाणूनबुजून मागे जाणं हा त्या शब्दाचा गाभा. अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी देवळं बांधली त्याला पुनरुज्जीवन म्हणवत नाही, कारण पाथरवटांची परंपरा हातात चालूच होती. हात चालू असेल तर परंपरा, हात थांबून पुन्हा सुरू झाला तर पुनरुज्जीवन. तुमच्या मिस्त्रींच्या हाताला दगड कधी लागलाच नाही, त्यामुळे तिसरंच काहीतरी.

कवेलू :
भाऊ, एवढं कोण वाचते? पण मुद्दा पटला. आमच्याकडे गढीचं पुनरुज्जीवन कोणी केलेलं पाहिलं नाही, लोक पांढरी माती खोदून नेतात घराला लिपायला. आणि हायवेवर मात्र 'वाडा' नावाचं हॉटेल झालंय, आत प्लायवूडचे खण आणि फायबरचे खांब. आजी म्हणाली, "धाब्याचं घर पाडलं अन् ढाबा बांधला."

वस्तीतली ताई :
'नक्कल' हा शब्द इतक्या सहज फेकू नका, एवढ्यासाठी लिहिते.

आमच्या वस्तीत विहाराचं गेट सांचीच्या तोरणाचं आहे. दोन खांब, वर तीन आडव्या पट्ट्या, टोकाला वेटोळं. सगळं सिमेंटचं, सळईवर ओतलेलं. हत्ती जरा डुकरासारखे झालेत, हे मीच सांगते. पण ते वर्गणीतून, मजुरी करणाऱ्यांच्या पैशातून उभं राहिलंय, आणि आम्ही त्याला नक्कल म्हणत नाही, 'सांचीचं गेट' म्हणतो.

नागपूरला दीक्षाभूमीचा स्तूप पाहा. २००१ मध्ये लोकार्पण झालं. बाहेरून सांची, पण सांचीचा स्तूप भरीव आहे, बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा आतून पोकळ, हजारो माणसं आत बसतात. दगडांच्या वर्णनात कोणी हे लिहीत नाही, पण १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे लाखो लोक उघड्यावर उभे होते तिथे त्यांच्या नातवंडांना बसायला छत हवं होतं. घाट जुना, पोट नवं. दगडवेडा भाऊंच्या व्याख्येप्रमाणे खंडही शेकडो वर्षांचा, आणि जाणूनबुजून मागे जाणंही आलं. मग विदर्भात 'पुनरुज्जीवन' हा शब्द कुठे शोभत असेल तर तिथे. आमच्या गेटलाही शोभतो, हत्तींसकट.

दगडवेडा :
ताई, बरोबर. 'हात थांबला' एवढ्यावरच मी अडलो होतो, कशासाठी मागे गेले हे सोडून दिलं. मग मिस्त्रींनाही मी घाईनं तिसऱ्या खान्यात टाकलं.

ऱ्हस्वदीर्घ :
कोनशिलेपुरतं सुचवतो, 'हेमाडपंती धाटणीचं नवं मंदिर'. 'शैली' शब्द पुस्तकी आहे, 'धाटणी'त फक्त वळण येतं, जुनेपणाचा दावा येत नाही. 'प्रतिकृती' नको, त्याला मूळ एक ठरावीक इमारत लागते.

पूर्णाकाठचा :
'धाटणी' घेऊन काल बैठकीत गेलो. अध्यक्ष म्हणाले, "काकाजी, शब्द चांगला हाये, पण जीर्णोद्धार लिहिल्याबिगर पुण्या-मुंबईची वर्गणी येत नाही." शेवटी तडजोड झाली. वर मोठ्या अक्षरात जीर्णोद्धार, खाली बारीक 'हेमाडपंती धाटणीत'. द ला ध जोडून, ऱ्हस्वदीर्घ भाऊ, स्वतः खडूनं लिहून दिलंय.

मिस्त्रींना लासूरचे फोटो मोबाईलवर दाखवले. बराच वेळ बोटांनी मोठे करून पाहत होते. "दरज दिसतच नाही ना हो यात," म्हणाले. मागच्या भिंतीवर त्यांनी आज पांढऱ्या रेघा पाडल्या नाहीत. पुढच्या तशाच ठेवल्यात, त्या अध्यक्षांना आवडल्यात.