तातडीचं: कोल्हापुरात रात्री दहानंतर रक्त कोण घेईल?

मंडळी, सासूबाई राजारामपुरीत आहेत, पुढच्या आठवड्यात विमानाने इकडे परदेशी आमच्याकडे यायचंय. पायाची सूज सगळ्यांना माहीतच आहे. उमेदीची वर्षं चंद्रपुरात गेली म्हणून डॉक्टरांनी हत्तीरोगाची तपासणी सांगितली. लॅबवाल्यांनी सकाळी आठला रक्त घेऊन 'जंतू नाहीत' असा रिपोर्ट दिला! रात्रीचं घ्या म्हटलं तर शटर आठला बंद. कुणाची ओळख?
— पाटीलवहिनी

वहिनी, इकडे आल्यावरच करा की. आमच्या कोपऱ्यावरचं हॉस्पिटल रात्रभर उघडं असतं. नाहीतर हेट्राझानची (हत्तीरोगावरच्या औषधाची) गोळी देऊन दिवसासुद्धा रक्त बघता येतं.
— शाहूपुरीकर काका

काका, औषधांचे सल्ले लिस्टवर नकोत, असं मागच्या सभेत ठरलंय. आरोग्याचे प्रश्न आधी समितीकडे पाठवा.
— कार्यवाह

समितीत मीच आहे, म्हणून इथंच लिहिते. मायक्रोफायलेरिया, म्हणजे हत्तीरोगाच्या जंतांची पिल्लं, रात्री साधारण दहा ते दोन या वेळात बाहेरच्या रक्तात येतात, हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास चावतो तेव्हाच. सकाळच्या रिपोर्टवर विसंबू नका. हे चक्र माणसाच्या झोपेशी बांधलेलं असतं, विमानप्रवासानंतर रुळायला काही दिवस जातात. त्यामुळे तिथंच करून घ्या. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, काचपट्टी सकाळी बघितली तरी चालते.
शिवाय अँटिजेनची (रक्तातले जंताचे अंश ओळखणारी) पट्टी मागा, ती कुठल्याही वेळी चालते. फक्त ती हत्तीरोगाच्या वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या एकाच जंताची असते. जुन्या सुजेत दोन्ही तपासण्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणून पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं आजपासूनच सुरू करा.
— डॉक्टर काकू

हेट्राझानबद्दल. मी कॅमेरूनला नोकरीला होतो. तिकडे लोआ लोआ नावाचा दुसरा जंत असतो, त्यात ही गोळी जिवावर बेतू शकते. आफ्रिकेत राहिलेल्यांनी डॉक्टरांना आधी सांगा, काका.
— उचगावकर

मी वहिनींच्या सासूबाईंबद्दल बोलत होतो, त्या कुठं आफ्रिकेत गेल्यात?
— शाहूपुरीकर काका

काकू, खूप आभार. दिरांच्या ओळखीचा टेक्निशियन शनिवारी रात्री अकराला घरी येतोय. नळीवर वेळ लिहायला सांगितलीय. पट्टी मात्र त्या लॅबकडे नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मिळेल का, तिथं कुणाचं येणं-जाणं आहे? शनिवारच्या आत कळवा.
— पाटीलवहिनी