भावाचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. प्लेट की तारा? सल्ला हवा

कोयनाकाठची
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

धाकटा भाऊ, वय २३. रविवारी रात्री पाटणहून घरी येताना गाडी खड्ड्यात गेली आणि तो हनुवटीवर आपटला. हेल्मेट होतं, पण ते अर्धं, टोपीसारखं. शुद्ध हरपली नाही, उलटी झाली नाही. जवळच्या दवाखान्यात हनुवटीला चार टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि 'सूज उतरली की तोंड उघडेल' म्हणून घरी पाठवलं. बुधवारी सूज बरीच उतरली, तोंड काही उघडेना. आईच म्हणाली, याचे दात वेगळेच दिसतायत. खरंच, उजव्या दाढा आधी टेकतात आणि डावीकडे फट राहते. खालचा ओठ डाव्या बाजूला बधिर आहे, पाणी ओघळलं तरी त्याला कळत नाही.

काल कराडला ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला. खालचा जबडा डावीकडे सुळ्याच्या जवळ मोडलाय आणि उजवीकडे कानापुढच्या सांध्याशी. एक डॉक्टर म्हणतात, पुढे प्लेट लावू, सांध्याला हात लावायचा नाही, वरच्या-खालच्या दातांना रबर बांधू. दुसरे म्हणतात, दोन्हीकडे उघडून प्लेट लावू. आमचे मामा म्हणतात, त्यांच्या वेळी सहा आठवडे तारांनी तोंड बांधायचे आणि हाड आपोआप जुळायचं, उगाच कशाला चिरफाड.

तो पोलीस भरतीची तयारी करतोय, त्याला रोज पळायची घाई. मी पुण्यात, उद्या गावी निघतेय. कुणाचं ऐकू? कुठे नेऊ? आणि महिनाभर त्याला खायला काय घालू?

निवृत्त_मास्तर
अर्ध्या हेल्मेटने हनुवटी झाकत नाही, हे आता तरी पोरांना कळावं. असो. पोरगं शुद्धीत आहे ही देवाची कृपा. तरी नाकातून किंवा कानातून पाण्यासारखं काही येतंय का, डोकं फार दुखतंय का, गुंगी येतेय का, ते बघा. तसं असेल तर जबडा नंतर, आधी डोक्याचा सीटी.

चहाबाज
ताई, मी यातून गेलोय. चार वर्षं झाली, माझाही खालचाच जबडा, दोन प्लेटा अजून आत आहेत. टायटॅनियमच्या असतात, त्रास नसेल तर काढत नाहीत. मध्यंतरी एमआरआयही झाला, काही अडचण आली नाही.

डॉक्टर तुम्हाला कापायचं कुठे आणि प्लेट कुठली ते सांगतील. पण आपल्याला रोज जाणवतं ते एकच, दात पहिल्यासारखे बसतात की नाही. माझ्या शेजारच्या खाटेवरचा एकजण एक्स-रे छान आलाय म्हणून खूश होता, आणि जेवायला बसला की डोळ्यांत पाणी. दात एका बाजूलाच टेकायचे, पुढचा घास तुटायचाच नाही. म्हणून भावाला रोज आरशासमोर दात मिटायला सांगा. पडण्याआधीचा त्याचा दात दाखवून हसतानाचा फोटो असेल तर तोही सर्जनला दाखवा.

रात्री उशाशी तार कापायची कात्री ठेवायची, ही आमची पहिली शिकवण. तोंड बांधलेलं असताना उलटी आली तर गुदमरायला होतं. कुठली तार किंवा कुठलं रबर कापायचं ते डिस्चार्जच्या आधी घरच्यांनी हाताने दाखवून घ्यायचं, नुसतं ऐकायचं नाही.

तिसरं_वर्ष
ओरल सर्जरीत, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेत, एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) करतेय. तुमच्या भावाला तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण सांगणं समजा.

हनुवटीवर टाके आणि तोंड उघडत नाही, असं ऐकलं की आमची बोटं आधी कानापुढे जातात. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा असतो, दोन्ही टोकं कानापुढच्या खोबणीत बसलेली. हनुवटीला मार बसला की धक्का त्या टोकांपर्यंत पोचतो, आणि टोकाखालची मान बारीक, ती मोडते. परेडमध्ये उभ्याउभ्या चक्कर येऊन तोंडावर पडणाऱ्या शिपायांवरून 'गार्ड्समन फ्रॅक्चर' हे नाव पडलंय, त्यात हनुवटी आणि दोन्ही सांधे मोडतात. तेव्हा डावा सांधाही नीट बघून घ्या. ओपीजीत सांध्याचा तुकडा किती कलला ते पुरतं कळत नाही, चेहऱ्याच्या हाडांचा सीटी मागा.

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पुढचं हाड सरकलं असेल तर प्लेट लागतेच. ओठाच्या आतून करतात, बाहेर व्रण राहत नाही. त्या भागात बहुधा दोन छोट्या प्लेटा लावतात, कारण चावताना जबड्याचा पुढचा भाग पिळवटतो आणि एक प्लेट ती पीळ धरत नाही. कुठल्या रेषेवर छोटी प्लेट पुरते हे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या सर्जन शाँपींनी १९७०च्या दशकात बसवून दिलं. आजही आम्हाला तोंडी परीक्षेत त्या रेषा काढायला लावतात.

वाद आहे तो सांध्याचा. तो उघडायला कानापुढे किंवा जबड्याच्या कोपऱ्यापाशी चीर द्यावी लागते, आणि चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. ओठ किंवा डोळ्याची पापणी काही आठवडे अशक्त राहू शकते, क्वचित कायमची. तुकडा फार कलला असेल, जबड्याची उंची कमी झाली असेल, किंवा रबर लावूनही दात बसत नसतील, तर तो धोका पत्करणं योग्य. तुकडा जवळपास जागेवर असेल तर रबरांनी दात वळणावर ठेवतात आणि सांधा लवकर हलता करतात. 'रबर लावून दात जागेवर येतायत का?' हे दोघांनाही विचारा. निर्णय बराचसा तिथेच होतो.

मामांची पद्धत चुकीची नव्हती, प्लेटा नव्हत्या तेव्हा तेच करायचे. पण सांधा मोडलेला असताना सहा आठवडे तोंड बांधून ठेवलं तर हाड जुळेल आणि सांधा आखडेल. लहान मुलांत तर तो कवटीला चिकटून तोंड कायमचं मिटू शकतं. अशी मुलं आमच्याकडे अजूनही येतात, आणि घरचे सांगतात, 'लहानपणी पाळण्यातून पडला होता, हनुवटीला खोक पडली होती.'

ओठाच्या बधिरपणाची नोंद ऑपरेशनच्या आधीच कागदावर करून घ्या. हाडातून जाणारी नस दुखावलीय, बहुतेकांना हळूहळू परत जाणवू लागतं, पण काही महिने लागतात. भूल देताना नळी नाकातून घालतील, घाबरू नका. तोंडातून घातली तर दात मिटून बघताच येत नाहीत, आणि दात आधी जागेवर बांधून मगच प्लेट लावायची असते.

चार-पाच दिवस गेले म्हणून काही बिघडलेलं नाही. मात्र दातांमधून गेलेला मोड तोंडात उघडा असतो, म्हणून अँटिबायोटिक चुकवू नका आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायला लावा. तंबाखू मळत असेल तर आजपासून बंद, सिगारेटही.

कुठे न्यावं: कराडला कृष्णाचं डेंटल कॉलेज आहे, सांगलीत भारती विद्यापीठाचं. दोन्हीकडे ओरल सर्जरीचा विभाग आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल. पण याच्यासाठी मुंबई गाठायची गरज मला दिसत नाही. नंतर रबर बदलायला आठवड्याला जावं लागतं, ते जवळच बरं.

कोयनाकाठची
डॉक्टर, कसे आभार मानू! मामांना वाचून दाखवलं. 'पाळण्यातून' ऐकल्यावर गप्प बसले. रबरवाला प्रश्न वहीत लिहून घेतलाय.

फाइलबहाद्दर
रस्त्यावरचा अपघात म्हणजे एमएलसी, पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस. पहिल्या दवाखान्याने नोंद केली का ते बघा, नसेल तर कराडला करून घ्या. विमा काढायला गेलात की पहिला कागद तोच मागतात. प्लेटा आणि स्क्रूचं बिल पुष्कळदा वेगळं लावतात, अंदाजपत्रक लेखी घ्या. रेशनकार्डसुद्धा सोबत असू द्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती होण्याच्या आधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

पातेलंभर
खाण्याचं मी सांगते, माझ्या नवऱ्याला महिनाभर भरवलंय.

पहिले दोन दिवस सगळ्या गोष्टी गोड लागतात म्हणून ज्यूस-दूध चालतं, तिसऱ्या दिवशी माणूस चिडतो. त्याला तिखट-मिठाचं हवं असतं. मुगाचं कढण, वरून जिऱ्याची फोडणी, आणि ते गाळणीतून गाळायचं, कारण एक जिरं तारेत अडकलं तर तासभर आरसा सोडत नाहीत. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, ताक, सूप, अंडं खात असेल तर दुधात फेटून शिजवून पातळ केलेलं. सगळं कोमट. बधिर ओठाला गरम कळत नाही, भाजतं आणि नंतर फोड आल्यावर समजतं.

मोठ्या सिरिंजला मऊ नळीचा तुकडा लावून गालाच्या आतून मागच्या दाढेमागे सोडायचं, तिथून वाट असते. एकावेळी थोडं, दोन-दोन तासांनी. भांडंभर एकदम दिलं की पोट फुगतं. माझ्या नवऱ्याचं पाच किलो वजन उतरलं, तेव्हा दर आठवड्याला काटा बघा आणि पेजेत चमचाभर तूप घालायला विसरू नका.

तारेचं टोक गालाला टोचतं, त्यासाठी डेंटिस्टकडे मेण मिळतं. आमच्या शेजाऱ्यांनी देवळातलं मेणबत्तीचं मेण सुचवलं होतं. नको.

चहाबाज
पातेलंभर ताई, जिऱ्याचं अगदी खरं! माझ्या तारेत दोन दिवस कढीपत्त्याचा तुकडा होता, सगळे मला 'हिरवा दात' म्हणायचे.

कोयनाकाठची
अपडेट द्यायला उशीर झाला. सीटीत सांध्याचा तुकडा थोडाच कललेला निघाला, डावा सांधा शाबूत. रबर लावून दात जागेवर येतायत हे सर्जननी आम्हाला ओठ ओढून दाखवलं, त्यामुळे सांधा उघडला नाही. पुढे दोन प्लेटा, आतून. चौथ्या दिवशी घरी आणलं. कात्री खिडकीत टांगलीय, आईला कुठलं रबर ते पाठ आहे.

रबर आता फक्त रात्री. दिवसा तोंड उघडायचा व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर दोन दिवसांनी एक वाढवायची. पहिल्या दिवशी आठ गेल्या, काल सतरा. उघडताना हनुवटी अजून उजवीकडे जाते, म्हणून आरशावर सरळ रेघ मारून दिलीय. ओठाला मुंग्या येतात म्हणतो.

डॉक्टर, दोन प्रश्न. पळायला कधी सुरुवात करू देऊ? आणि भाकरी कधी?

तिसरं_वर्ष
मुंग्या म्हणजे नस जागी होतेय, चांगलं आहे. हनुवटी मोडलेल्या बाजूला वळणारच, रेघेवर काम चालू ठेवा. तीन बोटं उभी जातील इतकं तोंड उघडायला हवं, साधारण ४० मिलिमीटर. चालणं आतापासून, पळणं तुमच्या सर्जननी हाड बघून हो म्हटल्यावर. बहुधा सहा आठवडे थांबायला सांगतील, आणि पडण्या-आपटण्याचे खेळ त्याहून उशिरा. भाकरीही तेव्हाच, आणि आधी काही दिवस दुधात कुस्करून.

कोयनाकाठची
'कुस्करून' वाचून त्याने उशी फेकून मारली. आईने आजच पेठेतून ज्वारी आणून ठेवलीय.