खोबरं पाहून फसू नका

एपकॉट या फ्लोरिडातल्या डिस्नेच्या थीम पार्कात अकरा देशांची दालनं आहेत; तिथे खायला मिळतं ते सगळं अमेरिकन जिभेला बेतलेलं, खरं काहीच नाही, असं काही जण म्हणतात. तिखटाबाबत पटतं. पण ‘काहीच नाही’ हे नाही पटत. तिथल्या नॉर्वेच्या बेकरीत ‘स्कूल ब्रेड’ मिळतो: वेलदोड्याच्या वासाचा गोड पाव, मधोमध कस्टर्ड, कडेने साखरेचा थर आणि त्यावर खोबऱ्याचा कीस. नॉर्वेत कुठलं आलंय खोबरं, असं वाटतं ना? पण तिकडेही हा पाव, ‘स्कूलेबोल्ले’, याच खोबऱ्यासकट खातात; पूर्वी पोरांच्या शाळेच्या डब्यात द्यायचे, म्हणून हे नाव.

जिन्नस कुठला यावरून पदार्थाचा खरेपणा ठरत नाही: शेंगा आणि मिरची दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, तरी शेंगा चटणी आम्हा सोलापूरकरांचीच. ती उखळात कुटायची, दाण्याला तेल सुटेपर्यंत; मुठीत दाबली की गोळा झाला पाहिजे. एका थीम पार्कात ‘सोलापुरी थाळी’ घेतली, तर मिक्सरमधली कोरडी भुकटी वाढली, भाकरीच्या तुकड्याला चिकटेना. फार वाईट वाटलं. लसूण, जिरं, तिखट, सगळं होतं हो त्यात, फक्त कुटलेलं नव्हतं.