गच्चीवर मेथी लावा आणि मालमत्ता कर वाचवा?

शिवडीकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं, ‘गच्चीवर भाजी पिकवणाऱ्या सोसायट्यांना मालमत्ता करात सूट द्या, कॅलिफोर्नियात २०१३ पासून कायदाच आहे.’ वाचून डोकं फिरलं. अहो, तो कायदा गच्चीसाठी नाही, पडीक प्लॉटसाठी आहे. जागा किमान ०.१ एकर हवी, म्हणजे साधारण ४,३५० चौरस फूट, वर पाच वर्षांचा करार. मुंबईत एवढा मोकळा प्लॉट बिल्डरकडेच! परवानग्या येईपर्यंत चार वाफे पालक टाकेल आणि कर वाचवेल. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहेच. मग सूट हवीय कुणाला?

मुलुंडची माळीण: लिहिणारी मीच. गच्चीवर माझे अकरा ड्रम आहेत, अळू, मिरची, वाल. सोसायटीचा निम्मा ओला कचरा त्यांत जिरतो. बिलात वृक्ष उपकर मुकाट भरतो, त्यातून थोडं परत मागितलं तर एवढं झोंबलं?

सातवा मजला: ताई, तुमच्याखाली कोण राहतं ते विचारलंत कधी? आमच्या डोक्यावर असेच ड्रम होते. जूनमध्ये बेडरूमच्या छताला आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग पंख्याच्या दांडीवरून थेंब. आई पलंगावर परात ठेवून झोपायची. सेक्रेटरी म्हणे, ‘हा तर पाऊस!’ वॉटरप्रूफिंगचा खर्च मात्र सगळ्यांच्या माथी.

मुलुंडची माळीण: माझे ड्रम विटांवर आहेत, खाली ताट आहे. तुमची स्लॅब कुजकी, त्यात माझ्या अळूचा काय दोष?

सातवा मजला: कुजकी कशाने झाली, तेच सांगतोय!

गिरगावचा गणपत: स्लॅबचं भांडण कमिटीत न्या. रेल्वे रुळांकडेची भाजी नाल्याच्या पाण्यावर वाढते म्हणून बोंबलतो आपण, मग कुणी स्वच्छ पिकवलं तर पोटात का दुखतं?

शिवडीकर: दुखत नाही. पण बिल सोसायटीच्या नावावर येतं. पाणी घालणार ताई, सूट खाणार आम्ही सगळे. चालेल?

मुलुंडची माळीण: ...हे लक्षात आलं नव्हतं. तरी सूट हवीच. फुकट खाणाऱ्यांनी निदान ड्रम उचलायला यावं.

सातवा मजला: उचलायला मी येतो. खाली आणायचे असतील तर आत्ता येतो.