अनुभव धागा : शूटिंगसाठी काय काय उसनं घेतलंत?

मागच्या आठवड्यात एका लघुपटाचं तीन दिवसांचं शूटिंग उरकून वाईहून घरी आले. बॅग रिकामी करताना तळाशी पितळी अडकित्ता निघाला. प्रॉपर्टीच्या, म्हणजे शॉटमध्ये लागणाऱ्या वस्तूंच्या, यादीत तो नव्हताच. ऐन शॉटला काहीतरी कमी वाटत होतं, तेव्हा घरातल्या आजोबांनी आपल्या चंचीतून काढून दिला होता. कुरियर करावंसं वाटेना, रविवारी एसटीने जाऊन देणार आहे.

छोटी फिल्म अशी उसनवारीवरच उभी राहते. कुणाचं घर, कुणाची वीज, कुणाची दुपारची झोप. श्रेयनामावलीत 'विशेष आभार' म्हणून ही माणसं दोन सेकंदांत सरकून जातात. त्यांच्याबद्दल इथे लिहूया. कुठल्याही खात्यात काम केलं असेल तरी लिहा. ज्यांनी घर दिलं त्यांनी तर नक्की लिहा.

साउंड, पुणे

सिंक साउंड असला, म्हणजे शूटिंग चालू असतानाच आवाज रेकॉर्ड करायचा असला, की घरात शिरल्यावर मी पहिल्यांदा फ्रिज बंद करतो. कानाला एरवी न जाणवणारी त्याची घरघर माइकला लख्ख ऐकू येते. सात वर्षांपूर्वी एका फ्लॅटमध्ये सकाळी आठला बंद केला आणि रात्री पॅकअपच्या गडबडीत तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी कळलं की आत आजींचं इन्सुलिन होतं. त्यांच्या मुलाने रात्रीच पाहिलं आणि नवीन आणलं, म्हणून निभावलं. आजी काही बोलल्या नाहीत, उलट चहा दिला. तो घशाखाली उतरेना. त्या दिवसापासून माझ्या स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. फ्रिज उघडल्याशिवाय मला घरीच जाता येत नाही. आणि बंद करण्याआधी विचारतो, "काकू, आत औषध आहे का?"

रूम टोनबद्दलही सांगतो. सीन संपला की रिकाम्या खोलीचा तीस सेकंदांचा आवाज घ्यायचा असतो. सगळे होते तिथे थिजतात. दिवसभर एकमेकांवर ओरडलेली माणसं तेव्हा इतकी शांत उभी राहतात, की मला तो दिवसातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

कॅमेरा असिस्टंट होतो, आता शिकवतो

आमचं शिक्षण 16 मिमी फिल्मवर झालं. 400 फुटांचा रोल 24 फ्रेमच्या वेगाने जेमतेम 11 मिनिटं चालतो. म्हणून तालमी भरपूर आणि टेक मोजून दोन. रोल भरायचा चेंजिंग बॅगमध्ये. ही काळी, उजेड न शिरणारी पिशवी असते. दोन्ही हात कोपरापर्यंत आत घालायचे आणि बोटांनी चाचपत फिल्म मॅगझिनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याला लागणाऱ्या फिल्मच्या डब्यात, ओवायची. मध्येच हात बाहेर काढला तर सगळं वाया.

मे महिन्यात भोरजवळ एका ओसरीवर बसून भरत होतो. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हते. धान्य पाखडत बसलेल्या एक आजी बघत होत्या. सूप खाली ठेवून उठल्या, पदराने माझं कपाळ, डोळे, मान पुसली आणि परत जाऊन पाखडायला लागल्या. मी काय करतोय हेही विचारलं नाही. आज विद्यार्थ्यांना मॅगझिन दाखवतो तेव्हा ही गोष्ट सांगतो.

लाइट

गावात रात्री शेतीची वीज आली की पंप एकदम चालू होतात आणि व्होल्टेज पडतं. आमचे टंगस्टनचे दिवे पिवळे पडत जातात. प्रॉडक्शनवाले म्हणाले, तासभर पंप बंद करायला सांगा. मी नाही म्हणालो. शेतकऱ्याला आठवड्यातून तेवढ्याच रात्री पाणी द्यायला मिळतं. जनरेटरचं भाडं आपल्याला परवडत नाही, हे त्याच्या उसाने का सोसायचं? पहाटे पंप थांबल्यावर शॉट घेतला.

जेवणाचं बघते

दादासाहेब फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी, 1912-13 साली, सरस्वतीबाई सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत आणि फिल्मच्या कडांना छिद्रंही पाडत. वीस माणसांचा भात चुकला की मी त्यांची आठवण काढते. जेवण वेळेवर आलं तर युनिट रात्री अकरापर्यंत ओढतं. उशीर झाला की चारलाच माणसं खचतात. आमच्यात सेटिंगच्या दादांना आधी वाढतात. त्यांनी पहाटेपासून ट्रॉलीचे रूळ वाहिलेले असतात.

घर दिलेली

आमचं कोकणातलं घर दोनदा शूटिंगला दिलं. लोक विचारतात, नुकसान झालं का? एक कौल फुटलं, ते त्यांनी बदलून दिलं. कॅलेंडर काढलं तिथली भिंत पांढरी दिसते म्हणून एका मुलीने चहाचं पाणी लावून ती शेजारच्या रंगाची केली. ती जागा अजून मलाच सापडत नाही.

माजघरात सासऱ्यांचं चावीचं घड्याळ आहे. टिकटिक नको आणि काटेही प्रत्येक शॉटला तिथेच हवेत, म्हणून त्यांनी ते चार वाजून दहा मिनिटांवर थांबवलं. सासरे गेल्यावर ते पहिल्यांदाच थांबलं होतं. चार दिवस मी जाता-येता वर बघायचे. कुणाला काही बोलले नाही.

युनिट गेलं त्याच रात्री फोन आला. क्लॅप देणारा मुलगा होता, अजून गाडीतच होते. "काकू, घड्याळाला चावी मी दिलीय, पण लंबक हलवायचा राहिला. जरा हलवता का?"