मदत हवी आहे : स्पॅनिशमधील ‘उस्तेद’ आणि गाळलेली सर्वनामे

मी गेले चार महिने स्पॅनिश शिकत आहे. क्रियापद चालवणे मला जड जात नाही. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, आणि त्याची आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान ही वर्तमानकाळाची सहा रूपे तोंडपाठ आहेत. अडते ते कोणत्या सर्वनामाला कोणते रूप लावावे आणि सर्वनाम केव्हा लिहूच नये, या दोन ठिकाणी.

एकवचनी ‘तू’ उच्चाराने आणि अर्थाने आपल्या ‘तू’सारखेच असल्याने पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले. आदरार्थी ‘उस्तेद’ मात्र अजून अंगवळणी पडत नाही, कारण बोलायचे समोरच्या व्यक्तीशी आणि क्रियापद वापरायचे तृतीय पुरुषी एकवचनी : ‘उस्तेद आब्ला’. ‘बुएस्त्रा मेर्सेद’ या जुन्या आदरार्थी संबोधनाचे झिजलेले रूप म्हणजे ‘उस्तेद’, हे समजल्यावर कारण पटले. हिंदीतही ‘आप हैं’ आणि ‘वे हैं’ यांचे क्रियापद एकच असते. पण मराठीत आपण ‘आपण कधी आलात?’ असेच विचारतो, आणि जीभ तिकडेच वळते.

उलट दिशेनेही माझी फजिती झाली. आमच्या शिक्षिकेविषयी लिहिताना, त्या वयाने मोठ्या असल्याने, ‘त्या बोलतात’ या अर्थी मी ‘एयास आब्लान’ असे लिहिले, तर वहीत लाल शाईने शेरा आला : ‘किती जणी?’ एका व्यक्तीसाठी आदरार्थी अनेकवचन स्पॅनिशमध्ये नाही; तिथे ‘एया आब्ला’च हवे होते.

त्याच पानावर मी दहा वाक्ये ‘यो’ने, म्हणजे ‘मी’ने, सुरू केली होती, त्यांपैकी आठ ‘यो’ खोडलेले होते. ‘आब्लो’ या रूपातच ‘मी’ दिसतो, त्यामुळे एरवी ते सर्वनाम केवळ जोर देण्यासाठी किंवा ‘मी बोलतो, तो बोलत नाही’ असा फरक दाखवण्यासाठी येते, इथवर मला उमगले आहे. परंतु ‘आब्ला’ हे रूप तो, ती आणि उस्तेद या तिघांचेही आहे, आणि अपूर्ण भूतकाळातील ‘आब्लाबा’चा अर्थ ‘मी बोलत असे’ असाही होतो आणि ‘तो बोलत असे’ असाही. अशा ठिकाणी संदर्भावर विसंबून सर्वनाम गाळतात का, की एकदा सांगून पुढच्या वाक्यांत सोडून देतात? जाणकारांनी दोनचार ओळींचा एखादा उतारा दिल्यास फार उपयोग होईल.

आणखी एक शंका आहे. लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’, म्हणजे जवळच्या अनेकांसाठीचे ‘तुम्ही’ (ज्याचे रूप ‘आब्लाइस’), बोलण्यात नसते, मित्रमंडळींनाही ‘उस्तेद’चे अनेकवचन ‘उस्तेदेस’च म्हणतात, अर्जेंटिनात तर ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते आणि ‘आब्लास’चा आघात शेवटच्या अवयवावर जातो. माझा सराव ब्वेनोस आयरेसमधील एका गृहस्थांशी चालतो. तेव्हा मी ‘आब्लाइस’चा रकाना फक्त वाचून समजण्यापुरता ठेवून ‘बोस’ची रूपे आत्ताच घोटावीत, की आधी ‘तू’ पक्के करावे?